विचारसरणीच्या लढायांत मेलेली माणसं वर्गात कशी मोजायची?

फोंड्याजवळच्या एका शाळेत दहावीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. विसाव्या शतकातल्या वैचारिक संघर्षांवर त्यांनी मुलांना प्रकल्प दिला. एका गटाने मोबाईलवरून 'साम्यवादाने दहा कोटी मारले' असं शोधून आणलं. दुसऱ्याने फॅसिझम आणि वसाहतवादाचे त्याहून मोठे आकडे आणले, आणि वर्गात 'तुमच्यांनी जास्त मारले' यावरून जुंपली. खरा आकडा कुठला, असं त्या विचारतात. शेवटी त्यांनी घरचंही विचारलं आहे. आजोबा गोवामुक्तीच्या १९५५ च्या सत्याग्रहानंतर तुरुंगात होते, ते आता नाहीत. आजी नव्वदीला टेकल्या आहेत, पण त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांना बोलतं करावं का?

बाई, मी बरीच वर्षं उच्च माध्यमिकला इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून पेडणे आणि डिचोली भागातल्या जुन्या लोकांच्या मुक्तिसंग्रामाच्या काळातल्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत. आधी आकड्यांचं घेऊ, कारण मुलं तिथे अडली आहेत. पण भांडण आकड्यांवरून पेटलं असलं तरी त्याचं मूळ आकड्यांत नाही. मेलेली माणसं एकदा कुणाच्या नावावर मांडली की ती लगेच समोरच्या पक्षाची साक्षीदार होतात. मग जो तो आपल्या सोयीचे मेलेले मोजतो आणि अडचणीचे वगळतो. हे नामांकित अभ्यासकांच्या हातूनही झालेलं आहे, तिथे पंधरा वर्षांच्या पोरांना काय बोल लावायचा.

दहा कोटींचा आकडा जगभर फिरला तो १९९७ साली फ्रान्समध्ये निघालेल्या एका लेखसंग्रहाच्या प्रस्तावनेमुळे. संपादकाने देशोदेशींचे अंदाज एकाखाली एक मांडले आणि बेरीज दहा कोटींच्या जवळ नेली. त्याच संग्रहात सोव्हिएत संघावर आणि चीनवर लिहिणाऱ्या दोघा अभ्यासकांनी जाहीरपणे अंग काढून घेतलं. संपादकाला काहीही करून दहा कोटी गाठायचे होते, असं त्यांचं म्हणणं पडलं. याचा अर्थ त्या राजवटींनी माणसं मारली नाहीत असा मुळीच होत नाही. त्या दोघांनीच आपापल्या प्रकरणांत लक्षावधी मृत्यूंचे पुरावे मांडले होते. माझाही आक्षेप बेरजेलाच आहे. गोळी घातलेला, छावणीत गारठून मेलेला, दुष्काळात उपाशी मेलेला आणि यादवी युद्धात कुठल्या बाजूने मेला हेही ठाऊक नसलेला, असे सगळे एका रकान्यात गेले की त्या आकड्यातून मुलांना काहीही कळत नाही. फक्त भांडता येतं.

म्हणून मुलांना आधी हे दाखवा की आकडा तयार कसा होतो.

काही आकडे मारणाऱ्यांच्याच कागदांतून येतात. १९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड दिला, ही नोंद त्यांच्याच दप्तरातली आहे. लिथुआनियातल्या नाझी पथकाच्या प्रमुखाने १ डिसेंबर १९४१ रोजी वर पाठवलेल्या अहवालात तारीख, गाव, पुरुष, स्त्रिया, मुलं असे रकाने आहेत आणि तळाला बेरीज आहे १,३७,३४६. त्यातले बहुतेक सगळे ज्यू. असे कागद हिशेबाला पक्के असतात, पण ते लिहिणाऱ्याने जेवढं मोजलं तेवढंच सांगतात. त्याच सोव्हिएत पोलिसांच्या कोठडीत चौकशी चालू असताना जो मेला, तो या मृत्युदंडाच्या आकड्यात नाही.

काही आकडे वजाबाकीतून येतात, आणि सगळा वाद तिथेच असतो. चीनच्या १९५९-६१ च्या दुष्काळाचं उदाहरण फळ्यावर करून दाखवण्यासारखं आहे. चीन सरकारनेच नंतर प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे १९५७ मध्ये मृत्युदर हजारी १०.८ होता आणि १९६० मध्ये तो २५.४ वर गेला. म्हणजे दर हजारामागे १४-१५ माणसं जास्तीची मेली. लोकसंख्या ६६ कोटींच्या आसपास. मुलांना गुणाकार करायला सांगा. एका वर्षाचेच ९५ लाखांच्या वर निघतात. पुढची-मागची वर्षं धरली की सरकारी आकड्यांवरूनच दीड कोटीच्या आसपास पोचता येतं. मग साडेतीन, साडेचार कोटी सांगणारे अभ्यासक कुठून सांगतात? ते म्हणतात, १९५७ सालीही खेड्यापाड्यांतले कितीतरी मृत्यू नोंदलेच जात नव्हते आणि दुष्काळात तर नोंदणारा कारकूनच उपाशी होता. मूळ दर किती धरायचा आणि कुठल्या जिल्ह्याच्या कागदांवर विश्वास ठेवायचा, यावर उत्तर दुप्पट-तिप्पट होतं. शिवाय त्या वर्षांत जन्मदरही कोसळला. जी मुलं जन्मालाच आली नाहीत त्यांना काही जण बेरजेत धरतात, काही धरत नाहीत. मी मेलेल्यांत धरत नाही, पण त्यांचा उल्लेख टाळतही नाही.

आता हे सगळं का झालं, तेही त्या गणिताशेजारीच सांगायला हवं. 'महाझेप' म्हणून उत्पादन झपाट्याने वाढवायची जी मोहीम १९५८ मध्ये सुरू झाली, तिच्यात खालचे अधिकारी पीक फुगवून सांगत गेले आणि त्या फुगवलेल्या पिकाच्या हिशेबाने सरकारने धान्य उचललं. जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून परिस्थिती कानावर घातली. त्यांचंच मंत्रिपद गेलं आणि असं बोलणाऱ्यांवर मोहीम निघाली. त्यानंतर खरं सांगायची कुणाची छाती होणार? सर्वांत जास्त माणसं मेली ती त्याच्या पुढच्या वर्षी. विचारसरणी माणूस कशी मारते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. सिद्धांत चुकणारच नाही असं एकदा ठरलं की उपाशी माणूस हाच खोटा पुरावा ठरतो.

मोजणाऱ्याचं काय होतं, हेही मुलांना सांगा. जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत संघात जनगणना झाली आणि १६ कोटी २० लाख माणसं भरली. नेत्यांनी जाहीर केलेल्या अपेक्षेपेक्षा हा आकडा फारच कमी होता, कारण १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठची लक्षावधी माणसं गेली होती. स्टालिनच्या सरकारने ती जनगणनाच रद्द केली, ती करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक केली, काहींना ठार मारलं आणि १९३९ मध्ये नव्याने मोजून १७ कोटी जाहीर केले. वर्गात हे सांगितलं की हमखास शांतता पसरते, कारण जनगणनेच्या कामाला जाणारे शिक्षक मुलांनी पाहिलेले असतात.

काही ठिकाणी आकडा यादीतून येतो आणि यादी नेहमी तोकडी पडते. अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीने १९७६ ते १९८३ या काळात 'गायब' केलेल्यांची चौकशी लोकशाही आल्यावर एका सरकारी आयोगाने केली. १९८४ च्या अहवालात ८,९६१ जणांची नोंद झाली. मानवाधिकार संघटना ३० हजार म्हणतात. तिथे आजही हे दोन आकडे दोन पक्षांच्या झेंड्यांसारखे वापरले जातात. पण आयोगापुढे आले ते तक्रार करायचं धाडस झालेले आणि तक्रार करायला जिवंत राहिलेले नातेवाईक. तेव्हा ८,९६१ हा किमान आकडा आहे, एवढं तरी दोन्ही बाजूंनी मान्य करायला हरकत नसावी.

एवढं लांब कशाला, आपल्याच सीमेवरचं बघा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह ठिकठिकाणी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली, पण नेमकी किती, याचा आकडा पुस्तकागणिक बदलतो. माणसं देशाच्या कानाकोपऱ्यांतून आली होती. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबचे कर्नेलसिंग होते. आपल्या उशाशी, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत झालेल्या गोष्टीत ही अडचण येत असेल, तर कंबोडियाच्या भाताच्या खाचरांत काय होत असेल! तिथे ख्मेर रूज या साम्यवादी गटाच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, ७८ लाखांच्या आसपास लोकसंख्येतले १५ ते २० लाख लोक गेले, आणि पुरल्याचे सुमारे वीस हजार खड्डे नंतर नकाशावर नोंदले गेले.

आता तुमच्या वर्गातल्या भांडणाकडे येतो. माझा एकच आग्रह असतो: माप एकच हवं. चीनचा दुष्काळ साम्यवादाच्या नावावर मांडणाऱ्या मुलाला १९४३ च्या बंगालचं विचारा. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख सांगितले, अमर्त्य सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या आसपासचा आहे. तो दुष्काळ ब्रिटिश साम्राज्याच्या नावावर मांडणार का? मांडला तर कुठल्या निकषावर? आणि जो मुलगा बंगाल ठासून सांगतो, त्याला चीनचं विचारा. दोघांनाही आपलं माप तपासावं लागतं.

पण माप एक ठेवायचं म्हणून 'सगळे सारखेच' असं सांगू नका, ते खोटं होईल. नाझींनी ज्यू म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला, तान्ह्या मुलासकट, मारायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी रेल्वेची वेळापत्रकं आखली होती. साठ लाख माणसं त्यात गेली. हट्टाने धान्य उचलून माणसं मरू देणं हा वेगळा गुन्हा आहे. मरणाऱ्याला फरक पडत नाही हे खरं, पण इतिहास शिकणाऱ्याला पडायला हवा. नाहीतर पुढच्या वेळी कुठे लक्ष ठेवायचं, हेच त्याला कळणार नाही.

इथवर फक्त मेलेल्यांचं झालं. जिवंत राहिलेल्यांना जे भोगावं लागलं ते कुठल्याच बेरजेत येत नाही, आणि माझ्या मते तुमच्या वर्गात खरा वेळ त्यावर जायला हवा. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये साम्यवादी ठरवून निदान पाच लाख माणसं मारली गेली. काही अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. जे तुरुंगातून सुटले त्यांच्या ओळखपत्रावर 'माजी राजकीय कैदी' अशी खूण असे. त्यांच्या मुलांना सरकारी नोकरी बंद होती. बाप कशात होता हे मुलाला माहीत नसे, पण नोकरी का मिळत नाही हे मात्र कळत असे.

आणि आता आपलं. पेडण्यातल्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितलेलं इथे देतो. नाव नको असं त्यांनी बजावलं होतं. माहेर सातार्ड्याचं, नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. १९५५ नंतर सीमा बंद झाली. वडील वारले ते त्यांना पुढच्या महिन्यात, कुणीतरी चोरून आणलेल्या निरोपातून कळलं. नवरा आधी म्हापशाच्या कोठडीत, मग आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. पावसाच्या तोंडावर पोलीस झडतीला आले. पत्रकं शोधायला म्हणून त्यांनी कणगीतलं सगळं भात अंगणात ओतलं आणि त्यावरून बुटांनी फिरले. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून साठवलेलं तेवढंच होतं. मुलांना घेऊन त्या कित्येक दिवस मातीतून दाणे निवडत बसल्या. झडतीला आलेल्यांत शेजारच्या वाड्यावरचा एक पोरगा होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर त्या घराशी गावाने बोलणं टाकलं आणि त्याच्या बहिणीचं लग्न जमेना. हे सांगताना बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तिणें किदें केल्लें?" म्हणजे, तिने काय केलं होतं? नवऱ्याला ताम्रपट मिळाला, पेन्शन मिळाली, त्याचा त्यांना अभिमान आहे. पण अंगणातलं भात, न दिसलेला बाप आणि ती बिनलग्नाची शेजारीण, हे कुठल्या यादीत लिहिणार?

आपल्या मुलांच्या डोक्यात पोर्तुगीज म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी असतात. त्यांना हेही सांगा की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट स्वतःच्या लोकांनाही सोडत नव्हती. आपल्या मुक्तिचळवळीतले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा पोर्तुगालातल्या ज्या पेनिशच्या किल्ल्यात कैदेत होते, तिथेच पोर्तुगालचे साम्यवादी कोंडलेले होते. केप व्हर्दमधल्या ताराफालच्या छावणीत पोर्तुगीज साम्यवादी पक्षाचे सरचिटणीस बेंतो गोन्साल्विस १९४२ मध्ये मेले. गोव्यात ज्याच्या नावाने राजकैद्यांच्या अंगावर काटा यायचा तो पोलिसांचा एजंट मोंतेरो, पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल उम्बेर्तु देल्गादो यांच्या १९६५ मधल्या खुनात दोषी ठरला. आणि डिसेंबर १९६१ मध्ये 'जिंका नाहीतर मरा' अशा अर्थाचा हुकूम लिस्बनहून आला असताना गव्हर्नर वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि शेकडो, कदाचित हजारो जीव वाचवले. त्यांचे तीन हजारांवर सैनिक मे १९६२ पर्यंत इथल्या छावण्यांत अडकून पडले. मायदेशी त्यांना भेकड ठरवलं गेलं आणि गव्हर्नरांना लष्करातून काढलं. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना पद परत मिळालं. हे सांगितल्याने मुक्तिसंग्रामाची किंमत तसूभरही कमी होत नाही.

वर्गात हे कसं करायचं, ते मुलं कोण आहेत यावर ठरेल. गोव्यातल्या वर्गात स्वातंत्र्यसैनिकाची पणती असते आणि पोर्तुगीज पोलिसात असलेल्याचा पणतूही असतो. कुणाचे आईबाप पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेत कामाला असतात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासूनचे अबोले अजून निभावणारी घरं आहेत. म्हणून मी स्थानिक उदाहरणाने सुरुवात करत नाही, आधी लांबची घेतो. प्रत्येक गटाला एक आकडा द्यायचा आणि विचारायचं: हा कुणी मोजला, कधी मोजला, काय मोजलं आणि कोण सुटलं. आणि एक अट घालायची: जी विचारसरणी तुम्हाला जवळची वाटते, तिने घेतलेले बळी तुम्हीच मांडायचे. पहिल्या दिवशी मुलं कुरकुरतात, पण दुसऱ्या तासापर्यंत तावातावाने बोलणारा मुलगा वही उघडून वाचायला लागतो. दहा कोटी किंवा त्याच्या विरोधातला आकडा मात्र फळ्यावर एकटा लिहू नका. लिहायचाच तर शेजारी तो कुठल्या रकान्यांतून आला ते लिहा, मग फळा पुरला नाही तरी चालेल.

राहिल्या आजी. त्यांना तुरुंगाचं विचारू नका, ते आजोबांचं होतं. भारताच्या नाकेबंदीमुळे बटाटे हॉलंडहून यायचे त्या दिवसांत घरी काय शिजायचं, मुलं कुणाकडे ठेवायच्या, आग्वादला डबा न्यायला कोण सोबत यायचं, हे विचारा. पहिल्या दिवशी फोन समोर ठेवू नका. घरातले पुरुष बसलेले असताना विचारू नका. ते मध्येच दुरुस्त करतात आणि बायका गप्प होतात. ध्वनिमुद्रण करायचं झालं तर आधी विचारा, आणि कुणाला ऐकवायचं, कुणाला नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. 'नको' म्हणाल्या तर तो विषय तिथेच सोडा. त्यांनी इतकी वर्षं जे राखलं आहे, त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची अब्रूही असू शकते.

आजोबांचे कागद शोधायचे असतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. पोर्तुगीज गुप्त पोलिसांची दप्तरं लिस्बनच्या तोरे दो तोंबो या अभिलेखागारात आहेत आणि १९९४ पासून ती अभ्यासासाठी खुली आहेत. पण अर्ज करण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवा. अशा फायलीत खबर कुणी दिली याचा उल्लेख निघू शकतो आणि ते नाव आपल्याच नात्यातलं असू शकतं. ते निघालं तर कोण वाचणार, आजींना सांगायचं की नाही, आणि त्या माणसाच्या नातवंडांशी आपण कसं वागणार, हे आधी बोलून घ्या. घरात यावर एकमत होत नसेल तर सध्या अर्ज करू नका. कागद तिथून कुठे जात नाहीत. आजींशी बोलायला मात्र याच आठवड्यात बसा.